दक्षिण यात्रा आणि खिशातला कॅमेरा

चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा उलटली, की सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडील घराघरांत दक्षिण यात्रेचे बेत शिजू लागतात. बस ठरते, धर्मशाळांना फोन जातात, दशम्या, भडंग, शेंगांची चटणी यांची यादी निघते. श्रवणबेळगोळ, धर्मस्थळ, वेणूर, कारकळ, मूडबिद्री हा क्रम आजोबांच्या पिढीपासून ठरलेला असतो. या यादीत कॅमेऱ्याचे नाव अलीकडे क्वचित येते. मोबाइल हाताशी असताना वेगळे यंत्र कशाला, असा प्रश्न कोणी तरी विचारतो. मग एखाद्या लग्नाच्या किंवा परदेशवारीच्या निमित्ताने हौसेने घेतलेला छोटा डिजिटल कॅमेरा कपाटाच्या कप्प्यातच राहतो.

तो बाहेर काढावा, त्याची बॅटरी भरून पाहावी आणि तो यात्रेला न्यावा, असे सुचवण्यास सबळ कारणे आहेत. यात्रेकरूला आपली दृष्टी दर्शनासाठी मोकळी हवी असते. शिवाय यात्रेस न आलेल्यांसाठी आणि पुढे जन्मणाऱ्यांसाठी काही जपून आणायचे असते. या दोन्ही गरजा छोटा कॅमेरा भागवू शकतो. अट एकच आहे: त्याला काय जमते आणि काय जमत नाही, हे वापरणाऱ्याला ठाऊक हवे.

यंत्राचा प्रवास

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म मोठ्या आकारात झाला. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने तयार केलेले पहिले यंत्र सुमारे साडेतीन किलो वजनाचे होते. त्यातले चित्र केवळ दहा हजार बिंदूंचे असे आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढे वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, कॅसिओ कंपनीने पाठीवर छोटा पडदा असलेला कॅमेरा सामान्य ग्राहकांपुढे आणला. टिपलेले चित्र तत्क्षणी पाहण्याची सवय लोकांना तेव्हापासून लागली. २०१० साली अंगभूत भिंगाचे दहा कोटींहून अधिक कॅमेरे जगभर विक्रीसाठी रवाना झाले. त्यानंतर मोबाइलने ही बाजारपेठ गिळली आणि २०२३ पर्यंत ही संख्या वीस लाखांच्या आत आली.

मोबाइलची बाजू इथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अंधुक उजेडात आजचा चांगला मोबाइल एकापाठोपाठ अनेक चित्रे टिपून ती एकमेकांत मिसळतो आणि बहुतेक जुन्या छोट्या कॅमेऱ्यांपेक्षा स्वच्छ चित्र देतो. छोट्या कॅमेऱ्याचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. त्याचे भिंग खरोखर पुढे-मागे सरकते. त्यामुळे दूरचे शिल्प जवळ आणताना चित्र विरत नाही. बोटाला जाणवेल असे बटण असते, मनगटात अडकवायची दोरी असते. त्याच्या वापराने फोनची बॅटरी संपत नाही. वाट चुकलेल्या सहप्रवाशाचा निरोप यायचा असेल, तर ही गोष्ट लहान राहत नाही. आणि सर्वांत मोठा लाभ असा, की दर्शनाच्या क्षणी त्यावर कोणाचा फोन किंवा संदेश येत नाही. बटण दाबून झाले की यंत्र खिशात जाते आणि यात्रेकरू पुन्हा यात्रेकरू होतो.

लहान डोळ्याची मर्यादा

चित्राचा दर्जा मुख्यतः भिंगामागच्या प्रकाशग्राही तुकड्यावर, म्हणजे सेन्सरवर, अवलंबून असतो. जुन्या फिल्मची एक चौकट ३६ × २४ मिलिमीटर असे. साध्या छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. क्षेत्रफळाने पाहता फिल्मच्या चौकटीचा सुमारे तिसावा भाग. ‘एक इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या छोट्या कॅमेऱ्यांतला सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे साध्या तुकड्याच्या चौपट असतो. अंगणात पाऊस पडत असताना वाटी ठेवली की परात ठेवली, यावर किती पाणी साठेल हे ठरते. प्रकाशाचेही तसेच आहे. वाटीत कमी प्रकाश साठतो. ती उणीव भरून काढण्यासाठी कॅमेरा आपली संवेदनक्षमता, अर्थात आयएसओ, वाढवतो आणि मग चित्रावर रवाळ दाणे उमटतात. साध्या छोट्या कॅमेऱ्यात आयएसओ ८०० च्या पुढे जाऊ देऊ नये, हा धोपट नियम उपयोगी पडतो.

दुसरी मर्यादा झूमची. भिंग जसजसे दूरचे जवळ आणते, तसतसे त्यातून येणारा प्रकाश कमी होतो. ज्या भिंगावर ३.३–६.६ असे आकडे कोरलेले असतात, त्याला पूर्ण झूमवर सुरुवातीच्या एक-चतुर्थांशच प्रकाश मिळतो. त्यातच झूमवर हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो. म्हणून झूम उन्हात आणि उघड्यावर वापरावा. मंदिरात भिंग रुंद ठेवून चार पावले पुढे जावे. ‘डिजिटल झूम’ नावाची सोय सूचीत जाऊन कायमची बंद करावी. ती चित्राचा मधला तुकडा कापून फुगवते, दुसरे काही करत नाही. हे काम घरी आल्यावर संगणकावरही होते.

उत्तराभिमुख मूर्ती आणि हिवाळ्याचा सूर्य

या मर्यादा प्रत्यक्षात कशा सांभाळाव्यात, यासाठी श्रवणबेळगोळचेच उदाहरण घ्यावे. गंग राजवटीतील मंत्री आणि सेनापती चामुंडराय यांनी इ. स. ९८१ च्या सुमारास विंध्यगिरीवर घडवून घेतलेली भगवान बाहुबलींची मूर्ती ५७ फूट उंच आणि एकाच ग्रॅनाइट शिळेतील आहे. तिचे मुख उत्तरेकडे आहे. दर्शनार्थीला ही बाब क्वचित जाणवते, परंतु छायाचित्र काढणाऱ्यासाठी तीच सर्वांत महत्त्वाची असते.

सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो, दक्षिणेकडून जातो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो. म्हणजे आपल्या यात्रेच्या संपूर्ण हंगामात तो मूर्तीच्या पाठीमागच्या बाजूला असतो. मुखावर थेट ऊन पडतच नाही. मूर्तीमागे लख्ख आकाश असते आणि मुख सावलीत असते. कॅमेरा चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो, आकाशाच्या तेजाने फसतो आणि मूर्ती काळवंडते. ‘इतक्या लांब जाऊन फोटो काळेच आले’ ही घरोघरीची तक्रार इथून जन्मते.

उपाय सोपा आहे. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांवर अधिक-उणे चिन्हांचे एक बटण असते. ते दाबून मोजपट्टीवरील खूण अधिक एकवर न्यावी. मूर्ती उजळते, आकाश थोडे पांढरे पडते. आकाश पांढरे पडले तरी चालेल, कारण माणूस तिथे आकाश पाहायला गेलेला नसतो. अधिक अर्धा, अधिक एक आणि अधिक दीड अशी तीन चित्रे घेऊन ठेवली तर घरी निवड करता येते. भर दुपारी पाठीमागचे आकाश सर्वांत भगभगीत असते. सकाळच्या पहिल्या प्रहरात ते सौम्य असते आणि कातळही तापलेला नसतो. सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या असल्याने वृद्धांसाठीही सकाळच बरी.

यात सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचाही विचार येतो. छायाचित्रणाच्या पुस्तकांत सायंकाळच्या सोनेरी उन्हाचे गोडवे गायलेले असतात. पण रात्रिभोजनाचा त्याग करणाऱ्या यात्रासंघाची पंगत नेमकी त्याच वेळी बसते. पंगत सोडून डोंगरावर थांबलेल्या माणसामुळे साऱ्या संघाचा खोळंबा होतो. सकाळचे ऊनही तितकेच कोवळे असते, तेव्हा यात्रेकरूने आपली हौस पहाटेच भागवावी.

ज्या हिवाळी सूर्यामुळे मूर्तीचे मुख सावलीत राहते, तोच सूर्य उत्तरेकडचा देखावा उजळून टाकतो. विंध्यगिरीच्या पायऱ्यांवर थांबून मागे वळले की खाली कल्याणी सरोवर, त्याभोवतीचे गाव आणि समोर चंद्रगिरी असे दृश्य उलगडते. सूर्य पाठीशी असल्याने तिथे छोटा कॅमेराही उत्तम काम करतो. पायऱ्या चढताना दम घेण्यासाठी थांबावेच लागते. ते चित्र त्या विसाव्यात टिपावे.

उंची कशी दाखवावी

५७ फुटांची मूर्ती चार इंचांच्या चित्रात आली की तिची उंची हरवते. संपूर्ण मूर्ती एका उभ्या चौकटीत बसवायची तर ३५ मिलिमीटरच्या भिंगाला साधारण मूर्तीच्या उंचीइतके अंतर, म्हणजे ५५ ते ६० फूट, मागे सरकावे लागते. २४ मिलिमीटरच्या रुंद भिंगाला त्याच्या दोन-तृतीयांश, सुमारे ४० फूट पुरतात. कॅमेरा घेताना किंवा कोणाकडून उसना आणताना झूम किती पट आहे हे सगळे विचारतात. भिंग किती रुंदीपासून सुरू होते हे विचारायचे राहून जाते. मंदिरांच्या प्रवासात हा दुसरा आकडा अधिक कामाचा.

अगदी जवळ उभे राहून कॅमेरा वर वळवला की मूर्ती पायाशी रुंद आणि मस्तकाशी निमुळती दिसते. हा भिंगाचा दोष नसून कोनाचा परिणाम आहे. शक्य तितके मागे जावे, नाहीतर पूर्ण मूर्तीचा हट्ट सोडावा. चरणांशी उभा असलेला एखादा पुजारी किंवा नमस्कार करणारे वडील चौकटीत घेतले, तर चरणांच्या अंगठ्याशेजारी माणूस केवढा दिसतो, एवढ्यावरूनच पाहणाऱ्याला उंचीचा अंदाज येतो.

झूमची खरी जागा समोरच्या चंद्रगिरीवर आहे. बरेच यात्रेकरू वेळेअभावी त्या लहान टेकडीकडे वळत नाहीत. वास्तविक अंतिम श्रुतकेवली भद्रबाहू आणि चंद्रगुप्त मौर्य यांच्या स्मृतीशी निगडित स्थाने तिथे आहेत, आणि श्रवणबेळगोळचे सर्वांत प्राचीन शिलालेखही त्याच टेकडीवर आहेत. तिथून विंध्यगिरीकडे पाहिले असता प्राकाराच्या वर उठलेले बाहुबलींचे मस्तक आणि खांदे दिसतात. मोबाइलवर तो एक ठिपका येतो. दहा पट झूमचा साधा कॅमेरा दगडी कठड्यावर टेकवून धरला, की त्या मुखावरचे मंद स्मित या टेकडीवरून ओळखू येते.

पायाशी असलेली मराठी

मराठी माणसाने श्रवणबेळगोळला एक चित्र न चुकता काढावे. मूर्तीच्या चरणांलगत कन्नड आणि तमिळ लेखांच्या जोडीला नागरी लिपीतील मराठी लेख कोरलेला आहे. मूर्ती चामुंडरायांनी करवली, असे पहिली ओळ सांगते. सभोवतालचा प्राकार गंगराजांनी करवला, असे दुसरी. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांची चर्चा निघाली की या लेखाचे नाव येतेच. शाळेच्या पुस्तकात त्याचा उल्लेख वाचलेली मुले प्रत्यक्ष जागी मात्र गर्दीत पुढे ढकलली जातात आणि लेख न पाहताच परततात.

इथे छोट्या कॅमेऱ्याचा उपयोग वहीसारखा होतो. रांग अडवून वाचत उभे राहणे शक्य नसते. परंतु मध्यम झूम, श्वास रोखून धरलेला हात आणि दोन-तीन चित्रे एवढ्यावर अक्षरे टिपता येतात. सावलीत कोरीव अक्षरांचा उठाव कमी दिसतो. म्हणून घरी संगणकावर उजेड-सावलीतील भेद वाढवावा. अक्षरे वर येतात. संध्याकाळी धर्मशाळेत नातवंडांना जवळ घेऊन आजोबांनी पडद्यावर ती दोन ओळींची मराठी वाचून दाखवली, तर सहलीत झालेला तो भाषेचा सर्वांत चांगला तास ठरेल.

खांबांचा अंधार आणि किनाऱ्याची दमट हवा

घाट उतरून मूडबिद्रीला आले की प्रकाशाचे गणित बदलते. १४३० साली उभारलेली तेथील सहस्रस्तंभ बसदी आत काळोखी आहे. खांबांच्या रांगांमधून दाराकडचा उजेड थोडाथोडा झिरपतो. छोट्या कॅमेऱ्याची कसोटी लागते ती अशा जागी. हातात धरून रुंद भिंगाने सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत चित्र स्थिर येते. त्याहून संथ गतीला आधार लागतो. जिथे स्पर्श चालतो अशा बाहेरच्या भिंतीला पाठ टेकवावी, कोपरे बरगड्यांशी घट्ट धरावीत आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. बोटाच्या दाबाने बसणारा हिसका टायमरमुळे टळतो. भिंगातील स्थिरीकरण हाताचा कंप सावरते, चालत्या माणसाची हालचाल मात्र थांबवू शकत नाही. म्हणून चौकटीत मंडळी असतील तर त्यांना क्षणभर उभे राहण्यास सांगावे.

फ्लॅश बंदच ठेवावा. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरपलीकडे पोहोचत नाही. पुढच्या माणसाची पाठ पांढरीफटक होते आणि मागचे खांब आणखी काळे पडतात. शिवाय ध्यानस्थ बसलेल्यांना त्याचा उपद्रव होतो. जुन्या भित्तिचित्रांच्या जागी तर तो निषिद्धच असतो; अजिंठ्याला फ्लॅशला मनाई आहे. वेरुळच्या ३२ क्रमांकाच्या इंद्रसभा लेण्यात छतावर रंगकामाचे अवशेष आहेत, तिथेही हाच संयम पाळावा. वेरुळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. जैन लेणी, क्रमांक ३० ते ३४, पाहायची ती दुपारनंतर; तेव्हा ऊन आपल्या पायांनी आत येते आणि फ्लॅशची आठवणही होत नाही. मंगळवारी मात्र वेरुळ बंद असते, हे निघण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

किनारपट्टीवर आणखी एक अडचण येते. वातानुकूलित बसमधून एकदम दमट हवेत उतरले की थंड भिंगावर वाफ धरते आणि सगळे चित्र धुक्यात काढल्यासारखे येते. घाईने उपरण्याने भिंग पुसल्यास ओरखडे पडतात. उतरण्यापूर्वी वीस मिनिटे कॅमेरा पिशवीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवावा. वाफ धरलीच तर ती आपोआप विरेपर्यंत थांबावे. कारकळच्या १४३२ सालच्या ४२ फुटी मूर्तीकडे जाण्याआधी ही वीस मिनिटे फार कामी येतात.

कॅमेऱ्याचे आचारधर्म

कॅमेऱ्यासोबत दुकानात मिळणारे आवरण कित्येकदा चामड्याचे असते. चामड्याची वस्तू जिनमंदिरात नेता येत नाही, म्हणून दारात पट्टा-पाकिटांबरोबर ते आवरणही काढून ठेवावे लागते आणि परतताना ते सापडत नाही. घरीच सुती कापडाची, आत जुन्या मऊ पंचाचे अस्तर लावलेली पिशवी शिवावी. ती हलकी असते, धुता येते आणि दारात अडत नाही.

गाभाऱ्यातील प्रतिमेचे छायाचित्र घ्यायचे की नाही, हे प्रत्येक ठिकाणच्या व्यवस्थापनाने ठरवलेले असते. विचारावे, आणि ‘नाही’ म्हटले तर दुसऱ्यांदा विचारू नये. मुनिराज, आर्यिका, साधू-साध्वी यांच्यासमोर कॅमेरा काढण्यापूर्वी सोबतच्या श्रावकांची अनुमती घ्यावी. आहारचर्या, केशलोच आणि सल्लेखना या प्रसंगी तो पिशवीतच असावा. ज्यांनी देहाचा मोह सोडला, त्यांच्या देहाची चित्रे जमवण्यात भक्ती नाही. अभिषेकाच्या वेळी पडदा डोळ्यांसमोर धरलेल्या माणसामुळे मागच्या दहा जणांचे दर्शन हुकते. घरातल्या एकाने एक चित्र काढावे आणि बाकीच्यांनी हात जोडावेत. तेच चित्र सर्वांना पुरते.

यातून संख्येचा प्रश्न निघतो. जुन्या फिल्मच्या रिळात ३६ चित्रे मावत. आजच्या ३२ जीबीच्या कार्डात पाच-साडेपाच एमबीची सुमारे सहा हजार चित्रे मावतात. मर्यादा यंत्राने उठवली, तेव्हा ती माणसाने घालून घ्यायची वेळ आली. परिग्रहाचे परिमाण ठरवून घेण्याची रीत श्रावकाला नवी नाही. ‘रोज छत्तीस’ एवढा नियम यात्रेच्या सुरुवातीलाच घरच्यांनी मिळून करावा. मग बटण दाबण्याआधी डोळे पाहू लागतात, उजेड कोठून येतो ते दिसते, आणि चित्रांची संख्या घटली तरी त्यांचा दर्जा वाढतो.

१९८१ चे छायाचित्र

१९८१ साली बाहुबली मूर्तीच्या प्रतिष्ठापनेला एक हजार वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने महामस्तकाभिषेक झाला. महाराष्ट्रातून असंख्य कुटुंबे त्याला गेली. अशा घरांच्या जुन्या पेटीत त्या वेळचे एखादे छायाचित्र हमखास सापडते: पायऱ्यांवर बसलेली आठ-दहा माणसे, कोणाच्या खांद्यावर लहान मूल, कडेला तांब्या. मूर्ती त्यात असतेच असे नाही. ते चित्र हातात आले की घरातील मोठी माणसे नावे सांगू लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या चेहऱ्याशी अडखळतात. ज्यांना ती नावे ठाऊक होती, ते आता विचारण्याच्या पलीकडे गेलेले असतात. छायाचित्राच्या मागे शाईची एक ओळ असती, तर एक माणूस कुटुंबात परत आला असता.

मूर्तीची उत्तम छायाचित्रे बाजारात मिळतात. ती काढणाऱ्यांकडे मोठी यंत्रे आणि मोकळा वेळ होता. आपल्या आजीने शेवटची पायरी चढून काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात जोडले, ते चित्र मात्र कोठेही विकत मिळत नाही. म्हणून रोजच्या छत्तीसांपैकी निम्मी चित्रे माणसांची असावीत. पहाटे बसजवळ पाणी गाळणाऱ्या काकू, डोलीवाल्यांशी बोलणारे आजोबा, धर्मशाळेच्या ओट्यावर ओळीने वाळत घातलेली सोवळी, पंगतीत वाढणारी मुले, नकाशावर बोट ठेवून बसलेला चालक, यांपैकी काहीच सुंदर म्हणून निवडले जात नाही. वीस वर्षांनी आधी तेच शोधले जाते. चेहरा सावलीत, पण उजेडाच्या जवळ घ्यावा: ओसरी, दाराची चौकट, झाडाची कड. भर उन्हात डोळे मिचकावलेल्या रांगेपेक्षा ओसरीत बसलेली दोन माणसे अधिक खरी दिसतात. आणि जो घरातला कॅमेरा सांभाळतो, तो चित्रांतून कायमचा गायब होतो. दिवसातून एकदा तरी कॅमेरा मुलांच्या हाती देऊन त्यानेही चौकटीत यावे.

घरी परतल्यावर

निघण्याआधी कॅमेऱ्यातील तारीख आणि वेळ घड्याळाशी जुळवून घ्यावी. बरेच दिवस पडून राहिलेल्या यंत्राचे घड्याळ मागे गेलेले असते, आणि सगळी यात्रा भलत्याच सालात नोंदली जाते. अशा कॅमेऱ्याची जुनी बॅटरी शे-दोनशे चित्रांतच थकते. दुसरी सोबत असावी आणि विमानाने जायचे असल्यास ती हातातल्या पिशवीत ठेवावी. मुक्कामी पोहोचल्यावर फसलेली चित्रे त्याच रात्री काढून टाकावीत. घरी गेल्यावर करू म्हटलेले काम होत नाही.

परतल्यानंतर पहिल्या आठवड्यात चित्रे दोन वेगवेगळ्या जागी उतरवावीत: एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी, मुलीकडे किंवा भावाकडे. कार्डे बिघडतात, फोन बदलतात, संकेतशब्द विसरले जातात. मग चाळीस चित्रे निवडून ती छापून घ्यावीत. चार बाय सहा इंचांच्या उत्तम छपाईला सुमारे २२ लाख बिंदू लागतात. १ कोटी २० लाख बिंदूंचा जुना कॅमेरा १३ बाय १० इंचांपर्यंत सहज पुरतो. यासाठी नवे यंत्र घेण्याची गरज पडत नाही.

अल्बम घेऊन घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसावे. प्रत्येक चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नावे लिहावीत. डावीकडून उजवीकडे, पूर्ण नावे, नाते, गाव आणि तारीख. ‘मावशी’ एवढेच लिहू नये, कारण वाचणाऱ्याची मावशी वेगळी असेल. ती बोलत असताना आणखी आठवणी निघतील, त्याही लिहून घ्याव्यात.

पुढचा महामस्तकाभिषेक बारा वर्षांच्या क्रमाने २०३० च्या सुमारास अपेक्षित आहे. आज बसमध्ये खिडकीसाठी भांडणारी मुले तेव्हा तरुण होतील. काही आसने रिकामी असतील, काही नव्यांनी भरलेली. त्या वेळी कोणी हा अल्बम उघडून कडेला बसलेल्या वृद्धेकडे बोट दाखवील आणि ही कोण, असे विचारील. चित्र उलटले की मागे पेन्सिलीने लिहिलेले तिचे नाव त्याला वाचता यावे.